बिनतारी संवेदक आणि त्यांची शिदोरी



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. मी या शाळेचा विद्यार्थी, आणि पुढे आयुष्यभर विद्युत्‌कणशास्त्राचा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्षक. सरांनी आम्हाला विज्ञान शिकवले ते उपकरण उघडून. टॉर्चचा संपलेला सेल ते वर्गात फोडीत. बाहेरचा जस्ताचा डबा, मधली कार्बनची कांडी, त्याभोवतीची काळी भुकटी आणि नवसागराचा लगदा टेबलावर मांडीत आणि विचारीत, "यातले काय संपले?" आम्ही म्हणायचो, "वीज." ते म्हणायचे, "वीज यात कधी भरलेलीच नव्हती. झिजले ते जस्त." कोणत्याही यंत्राकडे पाहताना 'यात काय झिजते आहे?' असे विचारण्याची ती सवय मला पुढे फार उपयोगी पडली. आजचा विषय, म्हणजे बिनतारी संवेदकांची जाळी आणि त्यांचा ऊर्जापुरवठा, हा त्याच प्रश्नाचा विस्तार आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करतो. संवेदक म्हणजे उष्णता, ओल, दाब, कंप यांसारखी एखादी भौतिक राशी ओळखून तिचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करणारे साधन. त्याला एक लहानसा संगणक, एक लहान रेडिओ आणि एक विद्युत्‌घट जोडला की काड्यापेटीहून थोडी मोठी अशी एक डबी तयार होते. अशा अनेक डब्या शेतात, डोंगरउतारावर किंवा पुलावर ठेवल्या आणि त्यांनी आपापली मोजमापे एकमेकींकरवी पुढे पोचवीत एका मुख्य केंद्रापर्यंत नेली, की त्या समूहाला बिनतारी संवेदक-जाळे म्हणतात.

या कल्पनेला जोर आला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत प्राध्यापक क्रिस पिस्टर यांनी 'स्मार्ट डस्ट' म्हणजे शहाण्या धुळीची कल्पना मांडली. संवेदक इतके लहान व स्वस्त होतील की ते धुळीसारखे पसरता येतील, असे ते स्वप्न होते. २००२ साली अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ग्रेट डक बेटावर ३२ संवेदक बसवून समुद्रपक्ष्यांच्या बिळांतील तापमान व आर्द्रता दुरून टिपण्यात आली. माणसाच्या पावलाने पक्षी बिथरतात, म्हणून माणसाऐवजी डबी. त्यानंतरच्या दहा वर्षांत या विषयावर जगभर शोधनिबंधांचा पूर आला.

परंतु धूळ पसरता येते तशी वीज पसरता येत नाही. संगणक दर दोन-चार वर्षांनी दुप्पट समर्थ होत गेले. विद्युत्‌घटाची प्रगती त्या मानाने फार संथ राहिली, कारण तिथे प्रश्न रसायनाचा आहे. डबी लहान करता येते, पण तिची शिदोरी त्याच प्रमाणात लहान केली तर ती उपाशी मरते. म्हणून या क्षेत्रातील संशोधनाचा फार मोठा भाग मोजमापाविषयी नसून ऊर्जेविषयी आहे.

थोडा हिशेब मांडू. आपण घड्याळात घालतो तसले दोन पेन्सिल-सेल घेतले, तर त्यांतून तीन व्होल्टवर सुमारे २,५०० मिलिअँपिअर-तास मिळतात. बर्कले येथेच घडवलेला 'टेलॉस' नावाचा संवेदक जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला. त्याचा रेडिओ बोलताना सुमारे १७ आणि ऐकताना सुमारे १९ मिलिअँपिअर घेतो. सगळा संच जागा असला तर खर्च २० च्या घरात जातो. २,५०० ला २० ने भागा: १२५ तास, म्हणजे पाच दिवस आणि थोडे. सहाव्या दिवशी डबी मुकी.

या आकड्यांत एक चमत्कारिक गोष्ट दडलेली आहे. ऐकणे हे बोलण्याहून स्वस्त असेल असे आपल्याला वाटते. इथे ते किंचित महागच आहे. कारण कमी अंतरावरच्या या रेडिओत क्षीण संकेत उचलून, वाढवून, त्याचा अर्थ लावणाऱ्या मंडलांना सतत वीज लागते. शेजारी काही बोलतो आहे की नाही हे कळण्यासाठी कान उघडा ठेवावा लागतो, आणि बहुतेक वेळ कोणीच बोलत नसते. ही निष्फळ प्रतीक्षा संवेदकाची शिदोरी सर्वांत अधिक खाते.

यावरचा पहिला उपाय झोपेचा. झोपलेला संवेदक काही मायक्रोअँपिअर एवढाच प्रवाह घेतो. तो शंभरातला एकच भाग वेळ जागा राहिला, तर सरासरी खर्च ०.२ मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि तेच दोन सेल १२,५०० तास म्हणजे सुमारे सतरा महिने पुरतात. पाच दिवसांचे सतरा महिने! पण सगळेच झोपले तर निरोप कोणी घ्यायचा? २००२ साली वेई ये, जॉन हायडमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी शेजाऱ्यांनी एकाच वेळी उठावे व एकाच वेळी निजावे अशी पद्धत सुचवली. २००४ मध्ये बर्कलेच्या गटाने वेगळा मार्ग काढला. प्रत्येकाने आपापल्या सोयीने क्षणभर उठून कानोसा घ्यावा, आणि ज्याला बोलायचे आहे त्याने समोरचा उठेपर्यंत पुरेल इतकी लांब हाक द्यावी. पहिल्या पद्धतीत घड्याळे जुळवण्याचा खर्च आहे, दुसरीत हाकेचा. फुकट काहीच नाही.

दुसरा उपाय पाळीचा. निरोप हातोहात पुढे जात असल्याने केंद्राच्या निकटच्या संवेदकांना स्वतःच्या निरोपाबरोबर मागच्या सर्वांचे निरोप वाहावे लागतात. ते आधी थकतात, आणि ते बंद पडले की मागचे सुस्थितीत असूनही त्यांचा आवाज पोचत नाही. २००० साली एम. आय. टी. तील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी 'लीच' नावाची पद्धत मांडली. तिच्यात संवेदकांचे गट करून गटनायकाचे कष्टाचे काम पाळीपाळीने सर्वांना दिले जाते. आपल्याला हे नवे वाटू नये. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाण्याच्या पाळीचा नेम शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. तिथे पाणी वाटायचे होते, इथे थकवा वाटून घ्यायचा आहे.

तिसरा उपाय मितभाषणाचा. एक अंक दूर पाठवण्यास जी ऊर्जा लागते तीत तो लहान संगणक शेकडो-हजारो आकडेमोडी करू शकतो. म्हणून जे पाहिले ते सगळे सांगत बसू नये. जागच्या जागी विचार करून जे महत्त्वाचे तेवढेच कळवावे.

आता आपल्याकडचे प्रयोग पाहू. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्राध्यापक उदय देसाई आणि प्राध्यापक एस. एन. मर्चंट यांच्या गटाने 'अ‍ॅग्रिसेन्स' हा प्रकल्प राबवला व नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात संवेदक बसवले. द्राक्षावरील केवडा आणि भुरी हे रोग हवेतील दमटपणा, तापमान आणि पानावर ओल किती वेळ टिकते यांवर अवलंबून असतात. हे आकडे वेळेवर हाती आले तर औषधाची फवारणी ठरावीक तारखेला न करता गरजेनुसार करता येते. प्राध्यापक देसाई पुढे हैदराबादच्या आय. आय. टी. चे पहिले संचालक झाले.

आपल्याच राज्यात, तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्यात, चन्नकेशवपूर नावाच्या गावी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक एच. एस. जमदग्नी यांच्या गटाने व स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठाने मिळून 'कॉमनसेन्स नेट' हा प्रकल्प २००४ च्या सुमारास हाती घेतला. तिथला शेतकरी मळेवाला नव्हे. पावसाच्या भरवशावर भुईमूग पिकवणारा कोरडवाहू शेतकरी. जमिनीत नेमकी ओल किती उरली आहे, हा त्याचा प्रश्न. नाशिकचा मळा आणि पावगडचे माळरान यांत तंत्र एकच असले, तरी खर्च सोसण्याची शक्ती एक नाही. संवेदकाच्या घटाची किंमत द्राक्षात निघून जाईल, भुईमुगात ती जाणवेल.

तिसरा प्रयोग मला विशेष आवडतो. कामेश्वरी चेब्रोलू आणि भास्करन रामन यांनी कानपूरच्या आय. आय. टी. त असताना रेल्वेच्या पुलांसाठी 'ब्रिमॉन' नावाची रचना तयार केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. पुलाची प्रकृती कळते ती गाडी जाताना होणाऱ्या कंपांवरून. एरवी जागे राहण्यात अर्थ नाही. म्हणून पुलावरचे संवेदक निजलेले राहतात, गाडी येत असल्याची चाहूल लागताच उठतात, कंप टिपतात आणि टिपलेला मजकूर पुढच्या गाडीवरील रेडिओच्या स्वाधीन करतात. निरोप वाहून नेण्याचे काम गाडीच करते. घटनेचे स्वरूप नीट समजून घेतले की ऊर्जा आपोआप वाचते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच दोघांनी त्याच वर्षी एक टीकालेख लिहून आपल्या क्षेत्रातील संशोधकांना खडे बोल सुनावले. त्यांचा रोख असा होता, की प्रत्यक्ष उपयोगाचा विचार न करता, केवळ संगणकावरील नकली जाळ्यांच्या आधारे नवनवे नियम रचले जात आहेत. विद्यापीठात वावरलेल्या माझ्यासारख्याला ही टीका पटते. कागदावरच्या संवेदकावर शेवाळ चढत नाही, त्याची तार उंदीर कुरतडत नाही, आणि त्याचा सेल बदलायला कोणाला चिखल तुडवीत जावे लागत नाही.

इथे सूर्याची आठवण होणे साहजिक आहे. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने 'व्हॅनगार्ड-१' हा लहानसा उपग्रह सोडला. त्यात दोन प्रक्षेपक होते. एक रासायनिक घटावर चालणारा, दुसरा सौरघटांवर. पहिला त्याच वर्षी जून महिन्यात मूक झाला. दुसरा १९६४ पर्यंत बोलत राहिला. शिदोरी बांधून नेणारा आणि वाटेत मिळवून खाणारा, असा तो फरक. मग जमिनीवरच्या संवेदकालाही सौरघट जोडला की प्रश्न संपला, असे का म्हणू नये?

पुन्हा हिशेब करू. लख्ख दुपारी एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे १०० मिलिवॉट सूर्यशक्ती पडते. शंभरात पंधरा भाग वीज देणारा, पाच सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद सौरघट त्यातून सुमारे ३७५ मिलिवॉट देईल. आपला शंभरात एक भाग जागणारा संवेदक दिवसभरात जेवढी ऊर्जा खातो, तेवढी या घटाने अडीच मिनिटांच्या भर उन्हात मिळते! आभाळ भरून प्रकाश दहावा हिस्सा झाला तरी अर्धा तास पुरे. म्हणजे मिळकतीला तोटा नाही. अडचण आहे ती पुढे.

पहिली अडचण साठवणीची. दिवसाची मिळकत रात्रीला पुरवायची तर पुन्हा घट हवाच, आणि पुन्हा पुन्हा भरता येणारा घटही काही शेकडा वेळा भरल्या-रिकामा केल्यावर म्हातारा होतो. उन्हाच्या तापाने लवकर होतो. २००५ साली बर्कलेच्या 'प्रोमिथियस' या रचनेत रोजचा व्यवहार लाखो वेळा भरता येणाऱ्या महाधारित्रावर, म्हणजे सुपर-कपॅसिटरवर सोपवून घट केवळ अडीअडचणीसाठी राखून ठेवला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील अमन कन्सल व सहकाऱ्यांनी २००७ साली याला शास्त्रशुद्ध रूप दिले. संवेदकाने जगावे किती, हे न विचारता मिळकतीइतकाच खर्च करून कायम कसे जगावे, हे विचारा, असा त्यांचा सिद्धान्त.

दुसरी अडचण मुख्य केंद्राची. निरोप गोळा करून मोबाइलच्या जाळ्यावरून शहरात पाठवणाऱ्या केंद्राला सरासरी एक वॉट लागतो असे धरले, तर ते एका संवेदकाच्या सुमारे सतराशे पट झाले. पाच दिवस सूर्य दिसला नाही तर त्याला १२० वॉट-तासांचा साठा हवा. आणि शिशाचा घट निम्म्यापेक्षा अधिक उपसू नये हा नियम पाळायचा, तर स्कूटरच्या बॅटरीने भागणार नाही, मोटारीच्या बॅटरीकडे वळावे लागेल.

तिसरी अडचण आपल्या प्रदेशाला अगदी जवळची आहे. इथून आंबोली फार दूर नाही. घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही, ओली पाने रेडिओचे संकेत शोषून घेतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत दरड कोसळते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर आदळून कोकण रेल्वेची गाडी घसरली व पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इरशाळवाडी. तारखा पाहा. जून-जुलैच्या बाहेरची एकही नाही.

केरळात मुन्नार येथे अमृता विश्वविद्यापीठाने २००९ पासून दरडीच्या पूर्वसूचनेसाठी संवेदक-जाळे चालवले आहे. जमिनीत खोल नळ्या पुरून त्यांतील संवेदकांनी मातीतील पाण्याचा दाब व हालचाल मोजायची, कोरड्या दिवसांत विरळ नोंदी घ्यायच्या आणि पाऊस वाढेल तशा त्या दाट करायच्या, अशी त्याची रीत. ही रीत योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ असा, की मिळकत सर्वांत कमी असते तेव्हा खर्च सर्वांत जास्त. शेतकऱ्याच्या घरात ज्येष्ठ-आषाढात कणगी रिकामी होत येते आणि पेरणीचे कष्ट त्याच वेळी येतात, तसे हे आहे. त्यावर उपायही शेतकऱ्याचाच: बी-बियाणे बाजूला काढून ठेवायचे. दरडीच्या संवेदकाने वैशाखातच ठरावीक साठा अस्पर्श ठेवला पाहिजे, आणि कोरड्या दिवसांच्या नोंदी चुकल्या तरी चालतील, पण तो साठा मोडता कामा नये.

या प्रश्नाला सीमाभागात आणखी एक पैलू आहे. निपाणीला पाणी देणाऱ्या वेदगंगा आणि दूधगंगा या नद्या कोल्हापूर जिल्ह्यात उगम पावतात आणि मग आपल्याकडे येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या महापुराने दोन्ही राज्यांतील गावांना सारखेच बुडवले. पाटगाव आणि काळम्मावाडीच्या पाणलोटात काय पडते आहे, हे निपाणीच्या वाडीवस्तीला काही तास आधी कळणे म्हणजे जनावरे सोडायला, धान्य वर चढवायला आणि म्हाताऱ्या माणसांना हलवायला मिळालेले तास. पुरात वीज प्रथम जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून नदीकाठचे मापक विजेच्या खांबावर विसंबून चालणार नाही. त्याची शिदोरी त्याच्याच कमरेला हवी.

आज तंत्र पुष्कळ पुढे गेले आहे. आपल्या देशात परवान्याविना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अगदी कमी विजेवर काही किलोमीटरपर्यंत निरोप पोचवणारे रेडिओ मिळतात. त्यामुळे हातोहात निरोप नेण्याची गरज बरीच कमी झाली. २०१३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी स्वतःचा रेडिओ न वापरता, दूरदर्शनच्या आसमंतातील लहरीच परावर्तित करून दोन साधने एकमेकांशी बोलू शकतात, हे दाखवले. अंतर थोडे, वेग थोडा. पण घट नाहीच. ही दिशा फार आशादायक आहे.

तरीही इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे, की संवेदक-जाळ्याच्या ऊर्जापुरवठ्याचा प्रश्न शेवटी निगराणीचा प्रश्न आहे. प्रकल्पाला अनुदान तीन वर्षांचे असते, घट साधारण तितकाच टिकतो, आणि दोन्ही एकदमच संपतात. निबंध प्रसिद्ध होतो, विद्यार्थी पदवी घेऊन जातो, आणि उतारावर एक मुकी डबी मागे राहते. ती नुसती निरुपयोगी नसते. गावाला वाटत असते की आपल्यावर लक्ष ठेवणारे कोणी आहे. बंद पडलेला पहारेकरी हा पहारेकरी नसण्यापेक्षा अधिक धोक्याचा. म्हणून प्रत्येक संवेदकाने आपली मोजमापे पाठवताना स्वतःच्या घटाची स्थितीही कळवावी, आणि ती वाचून पायऱ्या चढून जाणारा माणूस, त्याचे वेतन, त्याचा बदली माणूस, हे सारे प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे. खराब झालेले घट शेतात वा नदीत न टाकता परत आणणे हेही त्याच कामात आले.

अखेरीस एक विनंती. कॅम्पातील आपल्या शाळेभोवती गर्द झाडी आहे; तिच्या सावलीत सौरघटाला ऊन मिळणे कठीण आणि ओल्या पानांतून संकेत जाणे कठीण. म्हणजे अभ्यासाला याहून चांगली जागा नाही. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतले तर पाऊस, तापमान आणि मातीची ओल मोजणारे चार संवेदक या आवारात बसवता येतील. जिल्ह्यात विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आहे, गोगटे इन्स्टिट्यूटसारखी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. मार्गदर्शनाला तोटा पडू नये. माझी अट एकच. विद्यार्थ्यांनी पावसाच्या नोंदवहीशेजारी दुसरी वही ठेवावी, आणि तीत रोज घटाचा दाब, आकाशाची स्थिती व संवेदक किती वेळ जागा राहिला याची नोंद करावी. जमा आणि खर्च. मृगापासून हस्तापर्यंत ही वही अखंड चालली, तर त्या मुलांना ऊर्जा म्हणजे काय हे कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही. आणि त्या वहीतले आकडे घाटातल्या किंवा नदीकाठच्या एखाद्या संवेदकाची शिदोरी ठरवताना खरोखर उपयोगी पडतील. वर्ग बदलतील, तेव्हा वही पुढच्या वर्गाकडे सोपवावी. सरांचे स्मारक म्हणून यापेक्षा अधिक शोभेल असे मला दुसरे काही सुचत नाही.